बिगिन दिलं म्हणजे स्नॅपशॉट निघाला असं नाही

आजचा प्रश्न पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा आहे आणि एकच आहे. ट्रान्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांच्या व्यवहाराला) डेटाबेस दिसतो, तो नेमका कोणत्या क्षणाचा? बहुतेक जण सांगतात, बिगिन ही सुरुवातीची आज्ञा दिली त्या क्षणाचा. हे खरं नाही, आणि या गैरसमजातून न जुळणारे हिशेब तयार होतात.

दोन सेशन उघडा. पहिल्यात १०.०० वाजता रिपीटेबल रीड या विलगता पातळीवर (व्यवहारभर एकच दृश्य) बिगिन द्या आणि तसंच ठेवा. दुसऱ्यात १०.०२ ला एक नवी ओळ घालून कमिट करा, म्हणजे बदल पक्का करा. आता १०.०५ ला पहिल्या सेशनमध्ये सिलेक्ट चालवा. नवी ओळ दिसते. स्नॅपशॉट, म्हणजे कोणते बदल दिसणार हे ठरवणारी नोंद, पहिल्या क्वेरीला निघतो, बिगिनला नाही. पण त्याच सेशनमध्ये नाऊ() विचारा, उत्तर येतं १०.००, कारण ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ सांगतं. चालू घड्याळ हवं असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प() आहे. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक तर याहूनही उशिरा, सहसा पहिल्या लेखनाच्या वेळी मिळतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनातही नुसत्या बिगिनने काही गोठत नाही. तिथे सुरुवातीलाच स्नॅपशॉट हवा असेल तर 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन विथ कन्सिस्टंट स्नॅपशॉट' असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि तेही रिपीटेबल रीडमध्येच लागू पडतं.

पोस्टग्रेसची मूळ पातळी रीड कमिटेड आहे. तिथे प्रत्येक स्टेटमेंटला नवा स्नॅपशॉट मिळतो. एका सिलेक्टने एकूण रक्कम आणि दुसऱ्याने तपशील काढलात, तर दोन्ही एकाच बिगिन-कमिटमध्ये असूनही बेरीज चुकू शकते. अहवालासाठी रिपीटेबल रीडच घ्या.

स्नॅपशॉट म्हणजे डेटाची प्रत नव्हे. ते तीन भागांचं छोटं टिपण असतं. पीजी_करंट_स्नॅपशॉट() चालवा, समजा १००:१०४:१००,१०२ असं आलं. हे आकडे व्यवहारांचे क्रमांक आहेत; पहिल्याला एक्समिन म्हणतात. १००च्या आधीचे सगळे व्यवहार संपलेले. १०४ आणि पुढचे अदृश्य. मधल्यांपैकी १०० आणि १०२ तेव्हा चालू होते, म्हणून तेही अदृश्य, मग ते पुढच्याच क्षणी कमिट का होईनात. १०१ आणि १०३ कमिट झाले असतील तर दिसतील.

आता कुलपांकडे, म्हणजे लॉककडे वळू. लॉक टेबल ही आज्ञा स्नॅपशॉट काढत नाही, म्हणून रिपीटेबल रीडमध्ये आधी लॉक टेबल, मग सिलेक्ट हा क्रम बरोबर आहे. पण अॅडव्हायझरी लॉक (ज्याचा अर्थ अॅप्लिकेशनच ठरवतं असं कुलूप) सिलेक्टमधून घ्यावा लागतो. तो सिलेक्ट आधी स्नॅपशॉट काढतो आणि मग कुलपासाठी थांबतो. कुलूप हाती येईपर्यंत आधीच्या व्यवहाराने डेटा बदललेला असतो, तुम्ही मात्र जुनंच पाहत राहता. बदललेल्या ओळीवर अपडेट केलंत तर ४०००१ ही त्रुटी येते आणि अख्खा व्यवहार बिगिनपासून पुन्हा चालवावा लागतो. नुसतं वाचून नवी ओळ घातलीत, तर त्रुटीही येत नाही. हे जास्त वाईट. अॅडव्हायझरी लॉक वापरायचाच असेल, तर रीड कमिटेड बरा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र सिंकमध्ये, म्हणजे नवे बदल दुसरीकडे नेताना होतं. बदलाची वेळ नाऊ()ने भरायची आणि 'मागच्या वेळेनंतरचं सगळं' उचलायचं, ही पद्धत सर्रास दिसते. १०.०० ला सुरू झालेला व्यवहार १०.०५ ला कमिट झाला आणि सिंक १०.०३ ला येऊन गेला, तर त्या ओळीवर शिक्का १०.००चा; पुढचा सिंक १०.०३ नंतरचं शोधणार. ओळ कायमची सुटली. क्लॉक_टाइमस्टॅम्प() वापरूनही हे टळत नाही, कारण लिहिण्याची वेळ आणि कमिटची वेळ वेगळीच राहते.

पोस्टग्रेसच्या आवृत्ती १३ पासून यावर नीट उपाय करता येतो. ओळीत एक्सआयडी८ (व्यवहार-क्रमांक) प्रकारचा कॉलम ठेवा आणि प्रत्येक इन्सर्ट-अपडेटला ट्रिगरने (आपोआप चालणाऱ्या कोडने) पीजी_करंट_झॅक्ट_आयडी(), म्हणजे चालू व्यवहाराचा क्रमांक भरा. सिंकने मागच्या सीमेपासून चालू स्नॅपशॉटच्या एक्समिनच्या आधीपर्यंतच्याच ओळी उचलाव्यात आणि तोच एक्समिन नवी सीमा म्हणून साठवावा. त्याखालचे सगळे व्यवहार संपलेले असल्यामुळे मागून कोणी घुसत नाही. एवढंच, की एखादा लेखनाचा व्यवहार तासभर उघडा राहिला तर सीमाही तासभर हलत नाही. म्हणून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट (उघडा पण निष्क्रिय व्यवहार तोडणारी वेळमर्यादा) लावूनच ठेवा.