परतीची ओळ

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात आणि नवी मुंबईत हौशी गायकांचे कराओके गट आता ठिकठिकाणी जमतात. त्यांच्या वह्यांत गाण्याचे शब्द सुवाच्य उतरवलेले असतात, पण कोणता भाग कुठे संपतो आणि मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची, परत परत येणारी ओळ, पुन्हा पूर्ण घ्यायचा की अर्धा, याची खूण सहसा नसते. तालमीतला गोंधळ बहुधा तिथेच सुरू होतो.

गायक पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ ठाण्यात होणाऱ्या समारोहात ख्याल ऐकणाऱ्यांना बंदिशीचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, परिचित आहेत: स्थायी बहुधा मध्य सप्तकात रमते, तर अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, झेप घेतो. ध्रुपद या जुन्या गायनप्रकारात त्यापुढे संचारी आणि आभोगही येतात, आणि ही चार भागांची रचना रवींद्रनाथांच्या अनेक गीतांत दिसते. भावगीतात मुखडा आणि अंतरे असतात. मधल्या वाद्यमेळाला वादक ‘म्युझिक वन’, ‘म्युझिक टू’ म्हणतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती अंतऱ्याची शेवटची ओळ. समजा, मुखडा ‘सांज उतरली खाडीवरती’ असा आहे. अंतऱ्यातल्या पहिल्या दोन ओळी आपसांत यमक जुळवतील, परंतु तिसरी ‘मनात दाटे भरती’ अशी संपली की कान आपोआप मुखड्याची वाट पाहू लागतो, आणि चालही तिथे वरून खाली उतरत मुखड्याच्या पहिल्या स्वरापाशी येते. केरवा तालाच्या आठ मात्रांत मुखडा पाचवीपासून उठत असेल, तर ही ओळ चौथीपर्यंत आटोपायला हवी. म्हणून वहीत त्या ओळीसमोर मात्रेचा आकडा लिहावाच.

अभंगात आणखी एक गंमत आहे. तुकोबांच्या छापील गाथेत ‘ध्रु.’ ही खूण बहुतेक अभंगांत दुसऱ्या कडव्यापुढे असते, मात्र आजचे गायक पुष्कळदा पहिलीच ओळ घोळवतात. ध्रुवपद म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे पद. तेव्हा छापील खुणेवर न थांबता, आपण जी चाल गाणार आहोत तिच्यात कोणती ओळ परत येते ते ऐकून ‘ध्रु.’ लिहावे. दुसऱ्या अंतऱ्याची चाल वेगळी असेल, तर ‘अंतरा २’ एवढ्यावर न थांबता शेजारी ‘चाल निराळी’ असेही नोंदवावे, म्हणजे तबलजी आणि कीबोर्डवादक आधीच सावध राहतील.