एकोणतीसचा पाढा आणि दाताचं इंजेक्शन

तर दंतवैद्य मंडळी, विषय दिलाय ‘भुलेची सुरक्षित तंत्रं’, आणि सेक्रेटरी साहेबांनी आधीच बजावलंय की जेवण साडेबाराला आहे, म्हणजे तुमचं अर्धं लक्ष मटणाकडे असणार, मला मान्य आहे.

आधी माझी आजी सांगतो. म्हणजे माझी नाही, पेशंट. मी इंटर्न होतो, ओपीडीला ही गर्दी, आणि कुठूनशी एसटीने पहाटे निघालेली सत्तरीची आजी खुर्चीत बसलेली, खालची दाढ काढायची होती. मी ब्लॉक दिला, म्हणजे खालच्या जबड्याची नस बधिर करायचं इंजेक्शन. कसा? सुई घातली, दट्ट्या ढकलला, संपलं! पाच सेकंदात दोन एमएल, एकला ऐंशी हजार ॲड्रिनलिनवालं (म्हणजे ऐंशी हजार भागांत एक भाग ॲड्रिनलिन, छाती धडधडवतं ते). दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघणं वगैरे पुस्तकात होतं, माझ्या हातात नव्हतं. आजीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “काय रं, यष्टी सुटतीया व्हय तुजी?” पुढच्या मिनिटाला तिची छाती धडधडायला लागली, हात थरथर, घाम, बाहेर मुलगा ओरडतोय, आईला इंजेक्शन चढलं म्हणून. बीपी बघितलं, धीर दिला, दहा मिनिटांत सगळं शांत. पण सिनियरने केस पेपरवर लाल पेनाने काय लिहिलं? ‘भुलेची ॲलर्जी’.

आता हे माझं खरं दुखणं आहे बघा. ॲलर्जी कसली, माझी घाई होती ती! औषध शिरेत गेलं. लिग्नोकेनची, म्हणजे आपल्या भुलेच्या औषधाची, खरी ॲलर्जी फार फार दुर्मिळ, आणि रोज आपल्याकडे पेशंट येतात, “मला भूल चालत नाही” म्हणत, निम्म्यांना चक्कर आलेली असते आणि निम्म्यांना आपल्यासारख्या कोणीतरी घाईत टोचलेलं असतं (हसू नका, मागच्या रांगेतलेसुद्धा तेच करतात). त्या लाल पेनापायी आजीने दोन वर्षं मिश्री आणि लवंगेच्या तेलावर काढली. परत आली तेव्हा आमच्या सरांनी तिला नीट विचारलं, अंगावर पुरळ आलं होतं का, ओठ सुजले का, श्वास लागला का. काहीच नाही. यातलं एकही हो असतं तर आधी तपासणीला पाठवलं असतं. मग तेच औषध, तीच दाढ, पण मागे ओढून बघून आणि हळू दिलं. आजी म्हणते, “दिलं का? कधी दिलं?”

सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, एकोणतीसचा पाढा येतो का. येत नव्हता. म्हणाले, मग फारच छान, इंजेक्शन देताना मनात तोच म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, चोक सोळोत्तरशे, इथे माणूस अडखळतोच. अडखळत दोनदा म्हटला की साधारण मिनिट जातं आणि मिनिटाला एक एमएल, एवढाच वेग पाहिजे. दोनचा पाढा म्हणू नका, आजीचं होईल. हळू दिलं की दुखतं कमी, आणि चुकून शिरेत चाललंच तर वेळेत थांबता येतं.

बाय द वे हा ब्लॉक पहिल्यांदा दिला अमेरिकेत सर्जन हॉल्स्टेडच्या मंडळींनी, १८८४-८५ च्या सुमाराला, कोकेन वापरून, आणि स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड कोकेनच्याच आहारी गेला. असो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग भराभर. मागे ओढून रक्त आलं नाही म्हणजे सुटलो असं नाही, सुईचं तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलं असू शकतं, म्हणून जरा फिरवून परत ओढा. खालच्या ब्लॉकला हाड लागल्याशिवाय औषध सोडायचं नाही, फार मागे गेलात तर पॅरोटिडमध्ये, कानाजवळच्या लाळेच्या ग्रंथीत, जातं आणि पेशंटचं तोंड काही तास वाकडं होतं, मग मुलगा परत ओरडतो. सुई मुळापर्यंत रुतवू नका, तुटली तर तिथेच तुटते, आणि वाकवून तर अजिबात नको. लहान मुलांचं वजन करा हो, अंदाजाने नको! किलोला ४.४ मिलिग्रॅम लिग्नोकेन, म्हणजे १५ किलोच्या पोराला ६६, आणि दोन टक्क्याच्या एका एमएलमध्ये २० असतात, म्हणजे ३.३ एमएलच्या वर जायचंच नाही, तेही सगळी इंजेक्शनं मिळून. तीस एमएलच्या बाटलीच्या बुचात सुई टोचून ठेवायची सवय मोडा. रूट कॅनाल धुवायच्या हायपोक्लोराइटची (ब्लीचच ते) सिरिंज आणि भुलेची सिरिंज एका ट्रेमध्ये लेबलाशिवाय नको, दोन्ही पाण्यासारखंच दिसतं. टोपण एका हाताने, ट्रेवरच सुईने उचलायचं. आडवं झोपवून द्या, निम्म्या चकरा तिथेच वाचतात. आणि पोरांच्या आयांना सांगा, ओठ तीन-पाच तास बधिर राहणार, चावू देऊ नका.

वरचा दात काढला की नजर जाते का, हे कोणीतरी चिठ्ठीत विचारलंय. नाही जात. सविस्तर जेवताना सांगतो, चला, रस्सा गार होईल.