आधी जेव, मग बोलू

श्रोतेहो, नमस्कार.

"स्टेशनावरची पोरं फार चिवट असतात हो, त्यांना काही होत नाही." हे मी नांदेडला ऐकलंय, परभणीला ऐकलंय, आणि संभाजीनगरात चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. बोलणारा कौतुकानंच बोलतो. पण त्या कौतुकात आपली सोय आहे. पोरगं चिवट आहे म्हटलं की आपण मोकळे.

चिवट ती असतातच. नांदेड स्टेशनच्या आसपास भंगार वेचणारा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. कुठली गाडी रोज उशिरा येते, कुठल्या डब्यातून रिकाम्या बाटल्या जास्त निघतात, हे त्याला तोंडपाठ. बाटल्यांची झाकणं तो काढून वेगळी ठेवतो, त्यांचा भाव वेगळा. कमाई चहाच्या टपरीवरच्या मावशीकडे जमा, कारण रात्री मोठी पोरं खिसे उलटे करतात. गुरुद्वाऱ्यात लंगरला गेला की आधी धाकट्या भावाला पंगतीत बसवतो, मग स्वतः बसतो.

याच मुलाच्या शर्टाची उजवी बाही पुठ्ठ्यासारखी कडक झाली आहे. पंक्चर काढायचं सोल्युशन बाहीवर पिळायचं, मूठ तोंडाशी धरायची आणि ओढायचं. नाकाखाली, ओठांभोवती लाल चट्टे उठलेत. का ओढता, असं विचारलं तर ही मुलं भुकेचं सांगतात, थंडीचं सांगतात, फलाटावर डोळा लागत नाही ते सांगतात. मजेचं कुणी सांगत नाही असं नाही, पण ते नंतर.

ही लेकरं येतात कुठून? दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. लेकरू फडावर जातं, नाहीतर थकलेल्या आजीपाशी राहतं. शाळा तुटते. त्यातलं एखादं कधीतरी गाडीत बसतं. सगळी अशीच येतात असं मात्र समजू नका. घरातली दारू, मार, किंवा वस्तीतल्या पत्र्याच्या एका खोलीत सात माणसं, एवढंही पुरतं. कित्येक जण तर रात्री घरी जातात.

आकडा एकच सांगतो. २०१९ साली केंद्र सरकारनं देशातल्या व्यसनांचा अहवाल प्रसिद्ध केला. पाहणी दिल्लीच्या एम्सनं केली होती. त्यात हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली की जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. दारू, गांजा, सगळीकडे मोठे पुढे, आणि इथं मुलं.

आता वादाचा मुद्दा. नशा लगेच सुटत नसेल तर निदान तिच्यातून होणारं नुकसान तरी कमी करा, असा एक विचार आहे. आपल्याकडे तो एड्सच्या निमित्तानं आला. सुईनं नशा करणाऱ्यांना नव्या सुया द्यायच्या. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ नंतर, हेरॉइनऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देणंही आलं. सोल्युशनला असं पर्यायी औषध नाही. मग मुलांच्या बाबतीत नुकसान कमी करायचं म्हणजे काय करायचं?

विरोध करणारे म्हणतात, लेकराला 'प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून ओढू नकोस' हे सांगणं म्हणजे ओढायला परवानगीच की. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. मोठ्या माणसाच्या मर्जीचा मान राखणं वेगळं. अकरा वर्षांच्या पोराची कसली आलीय मर्जी? असल्या सूचनांची पत्रकं शाळेच्या भिंतीवर लावायला माझाही विरोध राहील. पण जे पोरगं आजही ओढणारच आहे, त्याच्याजवळ बसून, त्याला एकट्याला हे सांगायला मी कचरणार नाही. पिशवीत गुदमरून मूल जातं. शेकोटीजवळ ओढलं तर भडका उडतो.

आणि एक गोष्ट पोलिसांनी, रेल्वेच्या जवानांनी, दुकानदारांनी मुद्दाम ऐकावी. या सोल्युशनमध्ये टोल्युइनसारखी द्रावकं, म्हणजे चिकटा पातळ ठेवणारी रसायनं असतात. ती शरीरात असताना मूल दचकलं, जिवाच्या आकांतानं पळालं, तर हृदयाचे ठोके बिघडून ते जागच्या जागी जाऊ शकतं. पहिल्याच वेळी ओढणारंसुद्धा. काठी घेऊन मागे लागणं ही शिस्त वाटत असेल, पण त्या घटकेला ती जिवावर बेतते.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. 'आधी नशा सोड, मग आत ये' या अटीवर. निवाऱ्याच्या दारात बाहीचा वास घेऊन पोराला परत पाठवलेलं मी पाहिलंय. सोडणं हेच शेवटी साधायचं आहे, त्यात दुमत नाही, पण ते दारातच मागितलं तर पोरगं परत फिरतं आणि पुन्हा फलाटावर जातं. लंगरात कुणी बाही हुंगत नाही. म्हणून ही मुलं तिथं रोज जातात. रोज येणाऱ्या मुलाशी बोलता येतं, चट्टे दाखवायला दवाखान्यात नेता येतं, अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे न्यायच्या आधी त्याचा विश्वास मिळवता येतो.

एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग कित्येक दशकं ठेवला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा कात्रीत सापडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यापाशी निदान एक भरवशाचं माणूस होतं. आई-बापच असेल असं नाही; आजी, शेजारीण, मास्तर, कुणीही. आपल्या मुलाची ती टपरीवाली मावशी या हिशेबात कुठल्याही योजनेपेक्षा वरची.

मालावरही काम करता येतं. ऑस्ट्रेलियात आदिवासी वस्त्यांतली पोरं पेट्रोल हुंगायची. २००५ पासून तिथं ओपल नावाचं नशा न चढणारं पेट्रोल आणलं, आणि हुंगणं खूपच घटलं. आपल्याकडे खाडाखोड झाकायचं व्हाइटनरही पोरं हुंगायची, म्हणून २०१२ साली त्याच्या बाटल्यांवर बंदी आली. सोल्युशनची नळी मात्र गल्लोगल्ली मिळते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ती बसत नाही. बटन म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या बसतात. तेव्हा पंक्चरवाल्या दादांनो, हातात सायकल नसलेलं पोरगं नळी मागायला आलं तर देऊ नका, एवढं तुमच्या हातात आहे.

बाकीच्यांसाठी. असं मूल दिसलं तर ओरडू नका, नळी हिसकावू नका. मोकळ्या हवेत बसवा, जवळ बसा. शुद्धीवर असेल तर काहीतरी खायला द्या. मग १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आहे. शुद्ध हरपलेली असेल तर कुशीवर वळवा आणि आधी १०८ लावा. काय ओढलं होतं ते गाडीवाल्यांना सांगा, आणि नळी जवळ पडलेली असेल तर तीही त्यांच्याकडे द्या.

नमस्कार.