पेटीतला सिंथ की लॅपटॉपमधला?

नमस्कार श्रोतेहो. सांगली-मिरजेकडं ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, भजनी मंडळात कीबोर्ड वाजवणारी पोरं भेटली की एक प्रश्न हमखास निघतो. नवा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड घ्यावा, की तेवढ्याच पैशात लॅपटॉप घेऊन त्यात सॉफ्टवेअर टाकावं? आज त्यावरच बोलू.

पेटीतल्या यंत्राचा (पेटी म्हणजे इथं हार्मोनियम नव्हे, सिंथेसायझरचा डबा) आवाज खरा आणि लॅपटॉपचा खोटा, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. १९७० साली आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरपुरतं त्यात तथ्य आहे. त्याच्या पोटात खरोखरची विद्युत मंडलं आहेत. पट्टी जितकी वरची, तितका विजेचा दाब जास्त आणि तितका सूर चढा. म्हणूनच हवा तापली की तो बेसूरही व्हायचा. पण १९८३ साली यामाहाचा डीएक्स सेव्हन हा सिंथेसायझर बाजारात आला. एका लहरीनं दुसरीला हलवून नवा आवाज काढायची त्याची रीत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधली होती आणि ती निव्वळ आकडेमोड होती. आज आपल्याकडं मांडवात दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक कीबोर्डात चिप असते आणि तिच्यावर प्रोग्रॅम चालतो. म्हणजे तोही संगणकच, फक्त पेटीत बंद केलेला आणि एकाच कामाला जुंपलेला. तेव्हा आवाज कुणाचा खरा या भांडणात फारसा अर्थ नाही. वाजवायचं कुठं, हे आधी ठरवा.

स्टेजवर माझं मत सरळ पेटीच्या बाजूनं आहे. लॅपटॉप आवाज सलग पाठवत नाही, तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. या तुकड्याला बफर म्हणतात. बफर १०२४ नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या मोजमापांचा ठेवला, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या नेहमीच्या वेगाला नुसत्या त्या तुकड्यापायीच आवाज सुमारे २३ मिलिसेकंद मागं पडतो. ऐकणाऱ्याला एकवेळ कळणार नाही, पण ढोलकीवाल्याबरोबर वाजवताना बोट आणि सूर यांची फारकत झालेली वाजवणाऱ्याला लगेच जाणवते. बफर १२८ वर आणला की हाच आकडा ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. पण मग लॅपटॉप दमतो आणि आवाजात तडतड सुरू होते. विंडोजवर काम करत असाल तर चांगला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायचा आवाजाचा डबा, आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरानं पोचवणारं सॉफ्टवेअर, लागतोच. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरला वायर ओढून कार्यक्रम करू नका. चार्जर लावला की तिथून जी घूं ऐकू येते, ती सगळ्या मांडवाला ऐकावी लागते. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे आवाज मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा घाला आणि त्याचं ग्राउंड तोडायचं बटण दाबा, बहुतेक वेळा ती जाते.

एका बाबतीत मात्र लॅपटॉप स्टेजवरही वरचढ ठरतो. ऐन रंगात जनरेटर बसला, तर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप जागा राहतो. कीबोर्ड मात्र पहिल्यापासून सुरू होतो आणि जतन न केलेले आवाज जातात. तेवढ्यासाठी एक छोटा यूपीएस खाली ठेवला तरी भागतं.

घरी, रियाजाला आणि रेकॉर्डिंगला गणित उलटं. तिथं सॉफ्टवेअरच घ्या. घ्या म्हणजे काय, सुरुवातीला पैसेही लागत नाहीत. व्हायटल नावाचा सिंथ २०२० साली आला, त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे. सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आहे. डेक्स्ड तर डीएक्स सेव्हनचीच हुबेहूब नक्कल, जुन्या डीएक्सचे आवाज त्यात जसेच्या तसे भरता येतात. शिकायला व्हायटल उत्तम, कारण लहर पडद्यावर हलताना दिसते. वरचे आवाज गाळणारा फिल्टर बंद करत नेला की वरची तीक्ष्ण टोकं कशी गळून पडतात, ते डोळ्यांनी बघता येतं. धोका एकच आहे. तयार आवाजांच्या यादीतून फिरता फिरता संध्याकाळ सरते आणि चाल तशीच राहते.

आता मिरजेच्या माणसानं तरी विसरू नये अशी गोष्ट. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीची घडण, नीट लागलेला तानपुरा घ्या आणि खर्जाच्या तारेकडं कान द्या. कुणी न छेडलेला गंधार त्यात आपोआप बोलतो. आता पांढरी एकचा सा धरून कीबोर्डवर पांढरी तीन दाबा. तिचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंटचं असतं, यावरून अंदाज करा. गाणाऱ्याबरोबर संथ लयीत हे खटकतं. सर्ज एक्सटीत श्रुतींची फाइल भरून बाराही स्वर हवे तिथं बसवता येतात. काही कीबोर्डांतही स्केल ट्यूनिंग असतं, तेव्हा दुकानात पैसे मोजण्याआधी ते विचारून घ्या. मींडीसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, मात्र हाताखाली चाक हवंच, माउसनं मींड निघत नाही. पिच बेंडची, म्हणजे त्या चाकानं सूर किती सरकतो याची, मर्यादा बहुतेक ठिकाणी आधी दोन पट्ट्यांची असते, ती वाढवून बघा. रागदारी आणि सिंथचं जुळत नाही म्हणणाऱ्यांना सांगतो, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलंड कंपनीच्या सिंथ यंत्रांवर रागांची तबकडी काढली होती.

टिकण्याचं काय? २०१९ साली ॲपलनं आपल्या संगणकांवर ३२ बिटची, म्हणजे जुन्या घडणीची सॉफ्टवेअरं चालवणं बंद केलं आणि पैसे मोजून घेतलेले कितीतरी जुने सिंथ एका अपडेटसरशी मुके झाले. १९८३ चा डीएक्स सेव्हन पाच टाचण्यांच्या मिडी केबलनं (मिडी म्हणजे कुठली पट्टी कशी दाबली ते दुसऱ्या यंत्राला सांगायची भाषा) आजच्या संगणकाशी बोलतो. मध्ये एक छोटा यूएसबी अडॅप्टर लावला की झालं.

म्हणून घरातला जुना कीबोर्ड मोडीत काढायची घाई करू नका. मागं मिडी आउट किंवा यूएसबीचं भोक असेल, तर पट्ट्या त्याच्या आणि आवाज लॅपटॉपचा, असं आजपासून वाजवता येईल. जुनाच विकत घेत असाल, तर प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबून बघा. पिच बेंडचं चाक सोडल्यावर सूर नेमका मूळ जागी येतो का ते ऐका. ऐंशीच्या दशकातला असेल, तर आतली स्मृतीची बॅटरी कधी बदलली ते विचारा. ती संपली की साठवलेले सगळे आवाज जातात, आणि विकणारा आपण होऊन हे सांगत नाही. नमस्कार.