वैदूची गाडी ब्रनोहून निघाली

(दृश्य: जुन्या पुस्तकांच्या दुकानातली फळी. नकाशांच्या ढिगाखालून दोन सीडींची डबी बाहेर येते.)

प्रागमधलं हे दुकान. नकाशे चाळताना हाताला लागली ही डबी. वर नाव 'शर्लतान', म्हणजे भोंदू वैद्य. हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक; चेक संगीतकार पावेल हास याचा. नाझींनी 'अधःपतित' ठरवलेल्या संगीताची एक मालिका डेका कंपनीनं नव्वदच्या दशकात काढली होती, त्यातली ही. मालिका थांबली, तशा तिच्यातल्या डब्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या.

चेक ऑपेरा म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण स्मेताना आणि द्वोर्झाकपाशीच थांबतात. फार तर यानाचेक. हास हा यानाचेकचाच शिष्य. बाजारात, रस्त्यात माणसं बोलतात तो बोलण्याचा चढउतार स्वरांत टिपायची गुरूची सवय याच्याही हाडात मुरलेली.

(दृश्य: सीडी फिरते. जत्रेचा गलका, समूहगान.)

गाडी, घोडे, विदूषक, दवंडी. गावोगाव फिरणारा वैदू पुस्त्रपाल्क. एका प्राध्यापकाची बायको अमारांता नवऱ्याला सोडून याच्या गाडीत चढते. योखिमुस नावाचा एक भिक्षू त्याचा वैरी. पुढे तोच भिक्षू याच्या हाताखाली रोगी म्हणून येतो आणि दगावतो. मग काय, कालपर्यंत जयजयकार करणारी गर्दी उलटते.

या पुस्त्रपाल्कच्या मागे खरा माणूस आहे : जर्मनीतला डॉक्टर आयझेनबार्ट, जन्म १६६३. खरं तर निष्णात शल्यचिकित्सक, पण दारूच्या गुत्त्यातल्या एका गाण्यानं बिचाऱ्याला कायमचा भोंदू करून टाकलं. हासनं कथा घेतली योसेफ विंकलर या जर्मन लेखकाच्या कादंबरीतून. पण हास ज्यू. त्याच्याशी नाव जोडलं गेलं असतं तर नाझी जर्मनीत विंकलरला ते महागात पडलं असतं. म्हणून कादंबरीचा उल्लेख गाळला गेला, आणि नायकाला मध्ययुगीन चेक नाटकातलं नाव मिळालं.

(दृश्य: ब्रनोचं नाट्यगृह, आजचं.)

पहिला प्रयोग २ एप्रिल १९३८, चेकोस्लोवाकियातलं ब्रनो शहर. तीनच आठवड्यांपूर्वी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं होतं; व्हिएन्ना इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पुढच्या मार्चमध्ये जर्मन ब्रनोतही आले. ऑपेरा बंद.

बायको ज्यू नव्हती. ती आणि मुलगी वाचावी म्हणून हासनं घटस्फोट घेतला. डिसेंबर १९४१ मध्ये त्याला नाझींच्या तेरेझीनच्या छावणीत नेलं.

आता हे दृश्य जरा थांबवून बघा.

(दृश्य: तेरेझीनमधली चित्रफीत. वाद्यवृंद, टाळ्या. एक माणूस उठून लवतो.)

१९४४ चा उन्हाळा. रेड क्रॉसचे पाहुणे येणार म्हणून छावणीला रंग लावला, फुलझाडं लावली. नंतर तिथंच प्रचारपट काढला : बघा, ज्यू किती मजेत आहेत! वाजतंय ते हासचं तंतुवाद्यांसाठीचं संगीत, वाद्यवृंदाचा संचालक कारेल आंचर्ल. उठून लवणारा तो हास. भोंदूवर ऑपेरा लिहिणाऱ्याला भोंदूंच्याच गाडीवर उभं केलं होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याला आउशविट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. वय पंचेचाळीस. आंचर्ल वाचला, पुढे चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला.

(दृश्य: डबीचं मागचं पान.)

'शर्लतान' मात्र जवळजवळ साठ वर्षं गप्प. १९९७ मध्ये प्राग स्टेट ऑपेरानं इस्रायल यिनोनच्या संचालनाखाली तो ध्वनिमुद्रित केला. पुस्त्रपाल्क व्लादिमीर ख्मेलो, अमारांता आंदा-लुईझ बोग्झा. पुढच्या वर्षी तो रंगमंचावरही आला, तोही आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड या छोट्या बंदरगावात. यिनोन अशाच विसरलेल्या संगीतकारांमागे आयुष्यभर हिंडला. २०१५ मध्ये लुसर्नला संचालन करता करताच तो मंचावर कोसळला आणि गेला.

दुसरी सीडी संपत आलीय. गुत्ता. म्हातारा, झिंगलेला पुस्त्रपाल्क जुन्या सोबत्यांमध्ये आपल्याच पराक्रमाचं गाणं गातोय. तेवढ्यात त्याला समोर तो मेलेला भिक्षू दिसतो.

(आवाज वाढवा. निवेदन थांबतं.)