पत्र्याच्या शेडमधला मॅकबेथ: सर इयन मॅकेलन

लंडनच्या पूर्वेला थेम्सच्या अगदी काठाला लाइमहाऊस नावाचा जुना गोदीचा भाग आहे, तिथली ही नॅरो स्ट्रीट. आणि हा द ग्रेप्स पब, इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं की अंग चोरूनच उभं राहावं लागतं. मागच्या बाजूला पाण्यावर काढलेला लाकडी सज्जा आहे, तिथून खाली बघितलं की नदीत खांबावर एकटा उभा असलेला लोखंडी माणूस दिसतो, तो अँटनी गॉर्मलीचा पुतळा. भरती आली की पाणी त्याच्या पायाशी पोचतं.

आता परत आत या आणि बारच्या मागे बघा. ती काठी. ओळखलीत ना? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमातल्या गँडाल्फ या जादूगाराची. 2011 पासून ब्रिटिश नट सर इयन मॅकेलन, पडद्यावरचे गँडाल्फ, या पबच्या मालकांपैकी एक आहेत आणि राहतात याच रस्त्यावर, गेली कित्येक वर्षं. जगभरातली पोरं या काठीचा फोटो काढायला इथं येतात, आम्हीही काढला. पण काठीपर्यंत पोचायच्या आधी हा माणूस कुठल्या कुठल्या छोट्या खोल्यांतून, हॉलमधून, शेडमधून चालत आलाय ते बघायला आपल्याला इंग्लंडच्या वायव्येला जावं लागेल, लँकाशायरला.

25 मे 1939, बर्न्ली. महायुद्ध सुरू व्हायला जेमतेम तीन-साडेतीन महिने बाकी होते. वडील सिव्हिल इंजिनीयर. मग घर हललं विगनला, कोळशाच्या खाणींचं, कापड गिरण्यांचं गाव. तीन वर्षांच्या इयनला आईवडिलांनी मँचेस्टरच्या ऑपेरा हाऊसला 'पीटर पॅन' दाखवायला नेलं. पुढे मोठी बहीण जीन त्याला शेक्सपिअर बघायला घेऊन जायची, ती स्वतः हौशी रंगभूमीवर शेवटपर्यंत काम करत राहिली.

आता हे बघा, हे मुद्दाम जवळून घेतलंय. पोलॉक्सचं खेळण्यातलं थिएटर, इयनला असंच एक नवव्या वर्षी नाताळची भेट म्हणून मिळालं होतं. पुठ्ठ्याचे पडदे, पुठ्ठ्याच्या विंगा, आणि पात्रं कागदाची कापलेली, तारेला चिकटवलेली, बाजूने तार सरकवली की सिंड्रेला आत येते, दुसरी सरकवली की हॅम्लेट. सगळं रंगमंच टेबलावर मावेल एवढं. नऊ वर्षांच्या पोराने ते तासन् तास सरकवलं असेल, आणि आम्हाला हा शॉट एडिटिंगला बसल्यावर कापवेना.

1951 ला बोल्टन. बोल्टन स्कूलमध्ये पोरांचं एक छोटंसं थिएटर होतं, होपफील्ड मिनिएचर थिएटर, तिथं तेराव्या वर्षी त्याने 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला माल्वोलिओ केला, पत्र वाचायचा प्रवेश. आई तो बारा वर्षांचा असताना कॅन्सरने गेली. शिवाय गावातल्या ग्रँड थिएटरमध्ये व्हरायटी शो चालायचे आणि पोराला विंगेत उभं राहून ते बघायची परवानगी मिळाली होती, म्हणजे एका बाजूला प्रकाशात हसवणारा कलाकार आणि तोच माणूस दोन पावलं आत आला की घाम पुसणारा, दमलेला, हे त्याने लहानपणीच बघून घेतलं. कुठल्याही ड्रामा स्कूलला ते गेले नाहीत. शाळा या होत्या.

केंब्रिजला स्कॉलरशिप, इंग्रजी विषय, पण नाटकंच जास्त, बरोबर डेरेक जॅकोबी, ट्रेव्हर नन अशी मंडळी. 1961 ला कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये पहिली व्यावसायिक भूमिका. मग इप्सविच, नॉटिंगहम. 1969 ला एडिंबरा फेस्टिवलमध्ये एकाच वेळी दुसरा रिचर्ड आणि दुसरा एडवर्ड, दोन राजे केले आणि नाव झालं. आता नाव झाल्यावर कुणी काय करेल? यांनी 1972 ला एडवर्ड पेथरब्रिज आणि इतर नटांबरोबर अ‍ॅक्टर्स कंपनी काढली, त्यात नियम असा की पगार सगळ्यांना सारखा आणि आज प्रमुख भूमिका केलीस तर पुढच्या नाटकात दोन-चार वाक्यांची करायची.

आणि आता आपण आलो स्ट्रॅटफर्डला. शेक्सपिअरचं गाव. टुरिस्ट समोरच्या मोठ्या थिएटरचे फोटो काढतायत, काढू द्या, आपण नदीच्या कडेने थोडं पुढे जाऊ. इथं ही आता विटांची इमारत दिसतेय, द अदर प्लेस, पण 1976 साली इथं होती पत्र्याची शेड. कोरुगेटेड पत्रा. पाऊस आला की वाजणार, उन्हाळ्यात तापणार. 1974 मध्ये बझ गुडबडी या तरुण दिग्दर्शिकेने इथं रॉयल शेक्सपिअर कंपनीचं छोटं थिएटर सुरू केलं, तिच्याच हट्टाने, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. जेमतेम अठ्ठावीस वर्षांची होती.

त्या शेडमध्ये ट्रेव्हर ननने 'मॅकबेथ' केलं. मॅकबेथ इयन मॅकेलन, लेडी मॅकबेथ जूडी डेंच. सेट म्हणाल तर जमिनीवर काढलेलं एक काळं वर्तुळ. बस. वर्तुळाच्या बाहेर लाकडी खोकी, त्यावर नट बसलेले, ज्याचा प्रवेश तो उठून वर्तुळात येणार, काम झालं की परत खोक्यावर, पण प्रेक्षकांच्या नजरेसमोरच. किल्ला नाही, जंगल नाही, मध्यंतर नाही. प्रेक्षक इतके जवळ की पुढच्या रांगेतल्या माणसाला खंजीर हातात थरथरताना दिसतो.

हे 1979 चं टीव्हीसाठीचं चित्रीकरण आहे, आवाज वाढवून बघा. मोठ्या थिएटरमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नटाला आवाज फेकावा लागतो, भावना थोडी मोठी करावी लागते, त्यात वाईट काही नाही, ती पण कला आहे. पण इथं मॅकेलन जवळजवळ कुजबुजतात. बायको मेल्याचं कळतं आणि तो प्रसिद्ध "टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो" सुरू होतो, तेव्हा ऐका, नुसता 'टुमॉरो' जड नाहीये, मधला तो एवढासा 'अँड' पण जड आहे, जणू प्रत्येक उद्या आधीच्या उद्यावर कुणीतरी आणून रचतंय. पुढे आपल्या एकपात्री प्रयोगात ते हीच ओळ लोकांना शब्द शब्द सोडवून दाखवायचे, हा शब्द इथं का, हा परत का आला, आणि मग पूर्ण भाषण परत एकदा. नट होऊ बघणाऱ्या प्रत्येकाने तो भाग शोधून बघाच, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त मिळेल.

आणि जूडी डेंच झोपेत चालतायत तो प्रवेश. इथं आम्ही निवेदन थांबवतोय.

त्या प्रयोगांना एक पाद्री यायचे, तिकीट मिळेल तेव्हा तेव्हा, पुढच्या रांगेत बसायचे आणि हातातला क्रूस नटांच्या दिशेने धरून ठेवायचे. नाटकातल्या पापापासून नटांचं रक्षण व्हावं म्हणून. ही आठवण मॅकेलन यांनीच सांगितलीय. हातभर अंतरावर खून होताना बघितला की असं होतं, आणि ते त्या पत्र्याच्या खोलीतच होऊ शकतं, हे आमचं ठाम मत आहे.

दोन वर्षांनी, 1978 मध्ये, मॅकेलन रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांना घेऊन निघाले छोट्या दौऱ्यावर. 'ट्वेल्फ्थ नाइट' आणि चेखवचं 'थ्री सिस्टर्स'. ज्या गावात थिएटरच नाही तिथं जायचं, शाळेच्या हॉलमध्ये, स्पोर्ट्स सेंटरमध्ये, मिळेल तिथं प्रयोग लावायचा.

पुढचं भराभर सांगतो. 'बेंट' हे नाटक, 1979. ब्रॉडवेवर 'अमॅडियस'मधला सालिएरी, त्यासाठी 1981 चं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं नाट्यपारितोषिक. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये सेक्शन 28 चा कायदा येत होता, स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही असं म्हणणारा, तेव्हा बीबीसी रेडिओवरच्या चर्चेत त्यांनी आपण गे आहोत हे जाहीरपणे सांगितलं, वय 48. पुढच्या वर्षी स्टोनवॉल ही समलैंगिकांच्या हक्कांसाठीची संघटना उभी राहिली, संस्थापकांत तेही होते. कायदा इंग्लंडमध्ये रद्द झाला 2003 ला. 2016 च्या मे महिन्यात ते आपल्या मुंबईत आले होते, कशिश या समलैंगिकांवरच्या सिनेमांच्या फेस्टिवलसाठी, तेव्हा आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 अजून होतं. ते गेलं 2018 ला. त्याआधी 1991 ला 'सर' हा किताब. मग सिनेमे, 'गॉड्स अँड मॉन्स्टर्स', 'एक्स-मेन'मधला मॅग्नेटो, गँडाल्फ, दोन ऑस्कर नामांकनं, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे.

पण 'द हॉबिट'च्या शूटिंगची एक गोष्ट सांगायलाच हवी. गँडाल्फ उंच आणि गोष्टीतले बुटके त्याच्यापुढे ठेंगणे दिसावेत म्हणून त्यांना हिरव्या पडद्यासमोर एकट्याला उभं केलं, समोर माणूस नाही, नुसते स्टँड, त्यांना सहकलाकारांचे फोटो लावलेले, ज्याचा दिवा लागेल तो बोलतोय असं समजायचं. सत्तरी ओलांडलेला हा नट तिथं रडला. पन्नास वर्षं ज्याने समोरच्या नटाच्या डोळ्यात बघून काम केलं त्याला दिव्याशी बोला म्हटल्यावर दुसरं काय होणार.

त्याच सुमारास पॅट्रिक स्टुअर्टबरोबर त्यांनी 'वेटिंग फॉर गोदो' केलं, इंग्लंडमधून ते मेलबर्नला गेलं. तिथं 2010 मध्ये तालमीच्या मधल्या सुट्टीत ते थिएटरबाहेर बसले होते, अंगावर नाटकातल्या भिकाऱ्यासारख्या एस्ट्रागॉनचे मळके कपडे, टोपी काढून पुढ्यात ठेवलेली. रस्त्याने जाणाऱ्या एकाने थांबून त्यात एक डॉलर टाकला आणि काही मदत हवी का म्हणून विचारलं. तो डॉलर त्यांनी जपून ठेवला.

2017 ला 'किंग लिअर' करायचं ठरलं तेव्हा चिचेस्टरमध्ये मोठं फेस्टिवल थिएटर होतंच, ते गेले शेजारच्या मिनर्व्हामध्ये, जेमतेम 280 च्या आसपास खुर्च्या. वय 78.

2024 च्या जूनमध्ये शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ करताना लढाईच्या प्रवेशात ते स्टेजवरून खाली पडले, मनगट मोडलं, त्या नाटकात परत येता आलं नाही.

आता शेवटची जागा. ग्रेप्सपासून फार लांब नाही, आइल ऑफ डॉग्ज, आणि हे जुनं चर्च, आता इथं द स्पेस नावाचं छोटं थिएटर चालतं. ऐंशीव्या वर्षी त्यांनी ऐंशी ठिकाणी एकट्याने प्रयोग करायचे ठरवले, 2019 च्या जानेवारीत सुरुवात केली ती इथून. एक ट्रंक, त्यातून एकेक वस्तू निघते, गँडाल्फची तलवार निघते, मग शेक्सपिअर. लहानपणापासून ज्या ज्या थिएटरशी नातं होतं तिथं तिथं गेले, हौशी मंडळींच्या जागाही त्यात होत्या. पैसे त्या त्या थिएटरच्या कामाला.

प्रयोग संपला की कपडे न बदलता ते फॉयरमध्ये येऊन उभे राहायचे. हातात बादली. लोक बाहेर पडताना नाणी टाकतायत, नोटा टाकतायत, कुणी हात हातात घेतंय. बादली भरत आली की ती दुसऱ्या हातात.