वडगावातलं हिरवं कपाट

हा जो खरखर आवाज येतोय ना तो पॉलिश पेपरचा, आणि त्याच्या मागं जी खडखड चाललीय ती खालच्या खोलीतल्या यंत्रमागाची. आपण आलोय बेळगावच्या वडगावात. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा, घरातच माग आणि घरातच संसार, त्यामुळं जागा कमी आणि सामान जुनं, कोण काय टाकून देत नाही. हे दोन दारांचं कपाट बघा. घरात लग्न निघालं की याच्यावर ऑइल पेंटचा एक हात बसायचा, खालचं न घासताच, म्हणून आता कोपऱ्यावर पापुद्रे सुटलेत आणि हिरवा, त्याखाली आकाशी, त्याखाली चॉकलेटी असे थर उघडे पडलेत.

आता ते नव्यानं रंगवायचं आहे. घरच्या सूनबाईंनी मोबाईलवर बघून ऑफ-व्हाइट ठरवलाय. आत्यांना, म्हणजे त्यांच्या सासूबाईंना, ते पटलेलं नाही. "पांढरं कशाला गे, चार दिवसात हात लागून काळं होतंय की!" शेवटी मोरपंखीवर दोघींचं जमलं.

पण रंग कुठला हे नंतरचं, आधी खाली काय आहे ते बघायचं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती पेंटमध्ये शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, हे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडं घासून धुरळा उडवायचा नाही, काळा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं, लहान पोरांना लांब ठेवायचं, आणि तोंडाला ओढणी गुंडाळली म्हणजे झालं असं नाही, एन९५ मास्क लागतोच. निघालेला गाळ ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बांधायचा, झाडूनं लोटायचा नाही.

आता लाकूड. कपाटाची मागची बाजू कोण रंगवत नाही, त्यामुळं तिथं खरं कळतं. याची चौकट सागवानी निघाली आणि फळ्या आंब्याच्या, त्याही किड्यानं भोकं पाडलेल्या. सगळंच सागवान असतं तर माझं स्पष्ट मत, रंग मारूच नये, जुना काढून चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, आणि स्पिरिटचं पॉलिश करावं, खानापूरकडच्या जुन्या वाड्यांत असं सामान अजून बघायला मिळतं आणि त्यावर एनॅमल फासलेला बघितला की जीव जळतो. इथं मिसळ लाकूड आहे, तेव्हा रंगच बरा.

किड्याच्या भोकांत औषध सोडून, ते वाळल्यावर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरली. बिजागऱ्या, कडी-कोयंडा सगळं काढून ठेवलं, कारण त्याच्यावरनंच ब्रश फिरवला की पुढं दार नीट लागत नाही. सागवान तेलकट असतंय, म्हणून चौकट थिनरच्या फडक्यानं पुसून घेतली, नाहीतर प्रायमर धरत नाही. लाकडाच्या रेषा जिकडं जातात तिकडंच पेपर चालवायचा, आडवा चालवला तर ओरखडे रंगातनंपण दिसतात. मग प्रायमर, तो वाळला की २२० नंबरचा पेपर हलक्या हातानं, आणि मग रंग, तोसुद्धा दोन पातळ हात, एक जाड नाही.

आणि इथंच मागाची खरी गंमत. माग चालू असला की सुताचा कस्तर, म्हणजे बारीक तंतू, हवेत उडत असतो, तो ओल्या एनॅमलवर जाऊन बसतो आणि वाळला की दारावर दाढीची खुंटं आल्यागत दिसतंय. त्यामुळं माग बंद असेल त्याच दिवशी रंग, आणि तासभर आधी फरशीवर पाणी शिंपडून घ्यायचं.

हवेचं पण बघायला पाहिजे. आपला जिल्हा एक असला तरी हवा एक नाही, कणकुंबीकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथं रंग काय वाळणार, आणि अथणीकडं एप्रिलच्या उन्हात ब्रश अर्ध्यावर येतोय तोवर मागचा रंग ओढायला लागतो. बेळगावात दसऱ्यानंतरचे दिवस चांगले, फक्त थंडीत सकाळचं दव जाऊ द्यायचं. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर रंग मारला तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर सांध्यांवर चिरा दिसतात.

आतल्या बाजूला मात्र रंग लावलेला नाही. आत साड्या ठेवायच्या, आणि ऑइल पेंटचा वास कपड्याला धरतो तो लवकर जात नाही.

दुसऱ्या हातानंतर दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर कोरडं लागतं, पण आतनं रंग अजून कच्चाच असतो, नीट कडक व्हायला आठवडा तरी जातो. आत्यांनी सकाळीच वर पेपर अंथरून पत्र्याची ट्रंक चढवायला घेतली होती, सूनबाई धावत आल्या, "आत्या, थांबा की हो, पेपर चिकटला तर परत घासायला तुम्हीच बसणार काय?" ट्रंक सध्या जिन्याखाली आहे.